धंद्यासाठी मोठा टीव्ही घेताय? आधी चेंडूचं शेपूट बघा!



परवा आपल्या ट्रेनिंग बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. लातूरला त्या गेमिंग झोन सुरू करतायत. गाळा ठरलाय, कर्ज मंजूर झालंय, आता खरेदी चाललीय. म्हणाल्या, "सर, ५५ इंची दोन टीव्ही घ्यायचेत. शोरूमवाले म्हणतायत, हाच घ्या, फोर-के आहे, एचडीआर आहे, मोशन २४० आहे. ऑफर रविवारपर्यंतच आहे. पैसे भरून टाकू का?"

मी म्हटलं, "ताई, जरा थांबा. रविवार दर आठवड्याला येतो. पण एकदा पैसे भरले की हप्ता दर महिन्याला येतो."

हे मी पुस्तकातलं सांगत नव्हतो. याची फी मी स्वतः भरलेली आहे. आधी तीच गोष्ट सांगतो, मग टीव्ही कसा निवडायचा ते बघू. तुम्हाला कॅफे काढायचा असो, सलूनच्या वेटिंगमध्ये टीव्ही लावायचा असो, नाहीतर क्लासमध्ये शिकवायला हवा असो, हिशोब सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

माझा ६५ इंची धडा

कराडला माझं स्नॅक्स सेंटर आहे. आठ टेबलं. २०२३ चा वर्ल्ड कप भारतात होणार म्हटल्यावर मी ठरवलं, मोठा टीव्ही लावायचा आणि सामन्याच्या दिवशी गर्दी खेचायची. शोरूममध्ये गेलो. भिंतीवर पंधरा-वीस टीव्ही चालू होते. सगळ्यांवर तेच चित्र, समुद्र, पोपट, कापलेलं कलिंगड. त्यात एक ६५ इंची टीव्ही असा काही चमकत होता की मी दुसरीकडे बघितलंच नाही. ६८ हजार रुपये, १२ हप्ते. बीबीएला आम्हाला खरेदीचा निर्णय कसा घ्यावा यावर आख्खं प्रकरण होतं. पण त्या पोपटापुढे सगळं विसरलो.

८ ऑक्टोबरला भारत-ऑस्ट्रेलिया सामना. दुकान भरलेलं. पहिल्याच ओव्हरला मागच्या टेबलावरून आवाज आला, "दादा, बॉल कुठं गेला?" दुसरा म्हणाला, "अहो, बॉलला शेपूट फुटलंय की!" कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावला की मैदानातलं गवत म्हणजे नुसता हिरवा लगदा. कडेच्या टेबलावरच्यांना तर सगळं फिकं दिसत होतं.

पुढच्या सामन्याला निम्मी मंडळी समोरच्या चहावाल्याकडे. त्याचा टीव्ही ४३ इंची, माझा ६५ इंची, आणि गर्दी त्याच्याकडे! वर्ल्ड कप संपला तेव्हा माझे दहा हप्ते बाकी होते.

शेवटी डिशवाला मुलगा आला. त्याने रिमोट हातात घेतला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दादा, निम्मी चूक टीव्हीची आहे. निम्मी तुमची."

झालं होतं असं की व्यावसायिक कनेक्शन मी घेतलं होतं, पण पॅकमध्ये स्पोर्ट्सचा चॅनेल एसडी होता. एसडी चित्रात साधारण ४ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करून टीव्ही ते चित्र ताणत होता. समोरच्याकडे साधा फुल एचडी टीव्ही होता, पण चॅनेल एचडी होता. पॅक बदलल्यावर चित्र बरंच सुधारलं. जी निम्मी चूक टीव्हीची होती, ती मात्र पॅक बदलून जाणारी नव्हती. ती काय होती, ते आता समजून घेऊ.

ब्लर चार ठिकाणांहून येतो

हलत्या चित्रात जो धुरकटपणा दिसतो त्याला आपण सरसकट 'ब्लर' म्हणतो. पण तो चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

पहिला, कॅमेऱ्यातला. शूटिंग करतानाच पुसट आलेलं चित्र जगातला कोणताही टीव्ही धारदार करू शकत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, त्यात असा ब्लर मुद्दाम ठेवलेला असतो. तो दोष नाही.

दुसरा, सिग्नलमधला. चॅनेल एसडी असेल किंवा इंटरनेट ढिलं असेल, तर कॅमेरा फिरला की चौकोनी चौकोनी ठोकळे दिसतात, गवताचा लगदा होतो. हा टीव्हीचा दोष नाही. पॅक, केबल आणि नेट तपासा.

तिसरा, पॅनेलचा. एलईडी टीव्हीत प्रत्येक ठिपका एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जायला थोडा वेळ घेतो. पॅनेल मंद असेल तर जुना रंग पूर्ण जायच्या आत नवा येतो, आणि मागे शेपूट राहतं. काही पॅनेलमध्ये गडद रंगात हे जास्त दिसतं. रात्रीच्या सामन्यात काळ्या आकाशात उडालेला पांढरा चेंडू बघा, लगेच कळेल.

चौथा सगळ्यात गमतीचा आहे, तो तुमच्या डोळ्यात तयार होतो. ६० हर्ट्झचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. प्रत्येक चित्र पडद्यावर साधारण १७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबलेलं असतं, पण तुमची नजर चेंडूबरोबर सरकत असते. चित्र थांबलेलं आणि नजर सरकतेय, म्हणून मेंदूला ते पसरल्यासारखं दिसतं.

याचा हिशोब सोपा आहे. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर. चेंडू एका सेकंदात या टोकापासून त्या टोकाला गेला, तर ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्रात तो २ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढंच त्याचं शेपूट. ३२ इंची टीव्हीवर हेच शेपूट सव्वा सेंटिमीटरच्या आत राहतं. ७५ इंचीवर पावणेतीन सेंटिमीटर होतं. म्हणजे टीव्ही जेवढा मोठा, तेवढा ब्लर मोठा. घरातल्या लहान टीव्हीवर जे कधी खटकलं नाही, ते दुकानातल्या मोठ्या पडद्यावर खटकतं, ते यामुळे.

'मोशन २४०' म्हणजे २४० हर्ट्झ नव्हे

आता शोरूममधला सगळ्यात मोठा घोळ. खोक्यावर 'मोशन रेट', 'मोशन इंडेक्स' अशा नावाने मोठे आकडे लिहिलेले असतात. हे आकडे कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने काढलेले असतात. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच: "पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?" उत्तर बहुतेक वेळा ६० किंवा १२० येतं. सेल्समन गोंधळला तर मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशन बघा. खोक्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट एमईएमसी. कंपन्या याला वेगवेगळी नावं देतात. सोनीचं मोशनफ्लो, एलजीचं ट्रूमोशन, ही त्यातलीच. यात दोन खऱ्या चित्रांच्या मधलं तिसरं चित्र टीव्ही स्वतः अंदाजाने तयार करतो. त्यामुळे हालचाल मऊ दिसते. पण अंदाज चुकला तर चेंडूभोवती प्रभावळ दिसते, नाहीतर चेंडू मध्येच गायब! माझ्याकडे नेमकं हेच होत होतं. पॅनेल मंद होतं, आणि एमईएमसी फुल्ल करून ठेवलेलं होतं.

सिनेमात हेच सेटिंग चालू असेल तर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हे सेटिंग बंद करायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, त्यात हे आपोआप बंद होतं.

सोपा नियम लक्षात ठेवा. सामना बघताना एमईएमसी कमी ठेवा, सिनेमाला बंद ठेवा. गेमिंगला तर बंदच, कारण मधलं चित्र बनवायला टीव्हीला वेळ लागतो, बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते आणि गिऱ्हाईक म्हणतं कंट्रोलर खराब आहे.

काही टीव्हीत दोन चित्रांच्या मध्ये काळं चित्र घालायची सोय असते. त्याने ब्लर खरंच कमी होतो, पण उजेडही कमी होतो आणि काहींना लुकलुक जाणवते. दिवसा उघड्या दुकानात त्याचा फारसा उपयोग नाही.

चित्राची क्वालिटी: चार प्रश्न

पहिला प्रश्न, गिऱ्हाईक किती लांब बसणार? ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका साधारण ०.६ मिलिमीटरचा असतो. नजर चांगली असली तरी सात-सव्वासात फुटांच्या पलीकडून हे ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे तुमची टेबलं दहा फुटांवर असतील, तर फोर-के आणि फुल एचडीत तिथून फारसा फरक कळणार नाही. आज मोठे टीव्ही बहुतेक फोर-केच येतात, ते घ्या. पण फोर-के आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. तो पैसा पॅनेलवर घाला.

दुसरा, उजेड किती आहे? शटर उघडं, समोर रस्ता, दिवसभर ऊन, अशी जागा असेल तर ब्राइटनेस हवा. तो निट्समध्ये मोजतात. स्वस्त टीव्ही २५० ते ३५० निट्सच्या आसपास असतात. त्यांच्यावर 'एचडीआर' लिहिलेलं असतं, पण सिग्नल घेता येतो एवढाच त्याचा अर्थ. चमक दाखवायची ताकद वेगळी. आणि टीव्ही दरवाजासमोर लावू नका. पडद्यात सामन्याऐवजी रस्त्यावरची रिक्षा दिसेल.

तिसरा, लोक समोर बसणार की कडेला? एलईडीत मुख्यतः दोन जातीची पॅनेल येतात. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग खरा काळा दिसतो, पण कडेने बघितलं की चित्र फिकं पडतं. आयपीएसमध्ये कडेनेही चित्र ठीक दिसतं, पण काळा रंग राखाडीकडे झुकतो. माझं दुकान एल आकाराचं आणि मी घेतलं व्हीए. कडेची तीन टेबलं तिथेच गेली.

चौथा, पडद्यावर एकच गोष्ट तासन् तास राहणार का? ओएलईडी टीव्हीत ठिपका मिलिसेकंदाच्या आत बदलतो, काळा रंग पूर्ण काळा असतो, चित्र बघतच राहावं असं. पण मेनू कार्ड, चॅनेलचा लोगो, गेममधला स्कोअर रोज दहा-दहा तास एकाच जागी राहिला तर त्याचा कायमचा डाग पडायची भीती असते. घरी ओएलईडी घ्या. दुकानात दहा वेळा विचार करा. आणि हो, नावं सारखी वाटली तरी क्यूएलईडी म्हणजे ओएलईडी नव्हे. क्यूएलईडी हा एलईडीचाच सुधारलेला प्रकार आहे.

शोरूममधली १५ मिनिटांची परीक्षा

व्हिडिओत मी हे करून दाखवलंय. इथे क्रमाने लिहितो, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. घरून पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यात तुमच्या फोनवर सेकंदाला ६० फ्रेमने, भर उन्हात शूट केलेली क्लिप ठेवा. मुलं क्रिकेट खेळतायत किंवा हायवेवर गाड्या पळतायत, काहीही चालेल. उन्हात कॅमेऱ्याचा स्वतःचा ब्लर कमी येतो, त्यामुळे जे शेपूट दिसेल ते बहुतेक टीव्हीचंच.

२. टीव्हीचा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड काढायला लावा. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करा. शोरूमच्या पांढऱ्या लाइटमध्ये भडक चित्र छान दिसतं, दुकानात डोळ्यावर येतं.

३. एमईएमसी आधी बंद करून क्लिप बघा, मग कमीवर, मग फुल्ल. बंद असताना जे दिसतं ती पॅनेलची खरी लायकी.

४. बातम्यांचा चॅनेल लावायला सांगा, तोही एसडी. खाली सरकणारी पट्टी सहज वाचता येते का? डोळे ताणावे लागले तर तुमच्या गिऱ्हाइकालाही ताणावे लागतील.

५. सिनेमाच्या शेवटी काळ्यावर सरकणारी पांढरी नावं येतात, ती बघा. अक्षरांमागे धूर दिसला तर पॅनेल मंद आहे.

६. दुकानातलं अंतर पावलं टाकून मोजून जा आणि तेवढ्याच पावलांवरून बघा. मग कडेला सरका, चित्र कुठे फिकं पडतं ते बघा.

७. दोन टीव्ही शेजारी-शेजारी, एकच क्लिप, एकच मोड. वेगवेगळ्या चित्रांवर तुलना होत नाही. एक किलो बटाटा आणि डझनभर केळी यांची तुलना करण्यासारखं आहे ते.

जो दुकानदार हे सगळं करू देतो, त्याच्याकडून पाचशे-हजार जास्त देऊन घ्यायलाही हरकत नाही. उद्या सर्व्हिसला तोच उभा राहणार आहे.

आता पैशाची गोष्ट

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय. म्हणजे ५९ हजारांच्या टीव्हीत ५० हजार किंमत आणि ९ हजार कर. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल आणि टीव्ही धंद्याच्या नावावर, जीएसटी नंबर टाकून घेतला, तर त्या ९ हजारांचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल किंवा ५ टक्केवालं हॉटेल असेल तर नाही मिळत. बिल बनवायच्या आधी सीएला एक फोन करा. बिल बनल्यावर करून उपयोग नाही.

वॉरंटी कार्ड वाचा. घरगुती टीव्हीची वॉरंटी बऱ्याचदा व्यावसायिक वापराला लागू नसते. रोज १२-१४ तास चालवायचा असेल तर त्यासाठीच बनवलेले कमर्शियल डिस्प्ले मिळतात. ते महाग असतात, पण किती तास चालवायचे हे त्यांच्यावर लिहिलेलं असतं. तसंच घरच्या ओटीटी सबस्क्रिप्शनवर दुकानात सामना दाखवायची परवानगी सहसा नसते. कनेक्शन घेतानाच व्यावसायिक वापराचं विचारून घ्या.

आणि मुख्य हिशोब. समजा साध्या ६० हर्ट्झच्या आणि चांगल्या १२० हर्ट्झच्या टीव्हीत १८ हजारांचा फरक आहे. एका गिऱ्हाइकामागे सगळं जाऊन तुमच्या हातात ४० रुपये उरतात. म्हणजे फरक वसूल व्हायला ४५० जादा गिऱ्हाइकं हवीत. वर्षात सामन्याचे ६० दिवस धरले तर दर दिवशी सात-आठ. तुमच्या जागेत ही सात-आठ माणसं येतील का? येत असतील तर महाग टीव्ही घ्या. सलूनच्या वेटिंगमध्ये नुसती गाणी लावायची असतील तर साधा ४३ इंची पुरे. ब्लरच्या नादाला लागूच नका.

मग ताईंनी काय केलं?

ताई शनिवारी पेनड्राइव्ह आणि स्वतःचा गेमिंग कन्सोल घेऊन त्याच शोरूमला गेल्या. सोबत भाऊ. कन्सोल जोडून व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडली, तर 'मोशन २४०' वाला टीव्ही १२० हर्ट्झ घेतच नव्हता. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला, पॅनेल ६० हर्ट्झ. सेल्समनलाही हे ठाऊक नव्हतं. तो बिचारा खोक्यावरचंच वाचून सांगत होता.

त्यांनी ऑफर सोडली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून खरा १२० हर्ट्झचा, गेम मोड असलेला ५५ इंची एलईडी घेतला. पण दोन नाही, एकच. दुसऱ्याचे पैसे त्यांनी चांगल्या खुर्च्या आणि इन्व्हर्टरला लावले. म्हणाल्या, "सर, पहिला टीव्ही कमावू दे, दुसरा तोच घेईल."

हे मात्र मी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

माझा ६५ इंची आता घरी आहे. बाबा त्यावर बातम्या बघतात. खालची पट्टी अजूनही पळते, ते म्हणतात चष्म्याचा नंबर वाढलाय. मी काही बोलत नाही.

खरेदीला जाल तेव्हा पेनड्राइव्ह विसरू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!